बेला आठवरचा हत्ती

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितलेली नाही. आईला नाही, धाकट्या बहिणीला नाही, आणि ज्यांनी मला बुद्धिबळ शिकवलं त्या भोसले सरांना तर नाहीच नाही. चार वर्षं झाली. एकदा सांगायला म्हणून घरातून निघाले होते, तेही पुढे येईल. तुम्हाला का सांगतेय? तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून असेल. न दिसणाऱ्या माणसासमोर मी काय काय करू शकते हे मला माहीत आहे — म्हणून तर हे लिहायला बसलेय.

सुरुवात लिफ्टपासून करते. मीरा रोडला आम्ही ज्या इमारतीत राहतो तिथं बी विंगमध्ये आठव्या मजल्यावर आमचं घर आहे. लिफ्टमध्ये आठ नंबरच्या बटणाशेजारी तीन-चार बारीक ठिपके आहेत, उठावाचे. अंध माणसांसाठी असतात तसे. बटणात दिवा आहे, त्यामुळे ते नेहमी थोडं गरम लागतं. एवढंच. यात घाबरण्यासारखं काय आहे? पण मी ते बटण बोटानं दाबत नाही. किल्लीच्या टोकानं दाबते. शेजारच्या गुजराती भाभी एकदा हसून म्हणाल्या, “टीचर, शॉक लगता है क्या?” मी म्हटलं, हो.

टीचर म्हणजे बुद्धिबळाची. बेव्हर्ली पार्कजवळच्या एका शाळेत मी शिकवते. त्या शाळेचं नाव लिहीत नाही, त्यांचा यात काही दोष नाही.

मी मूळची करमाळ्याची. माझे वडील बाजार समितीत हमाली करायचे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. कागद आला की ते जो कुणी जवळ असेल त्याच्यापुढे धरायचे आणि म्हणायचे, “हितं काय लिवलंय बघा की जरा.” समोरचा जे सांगेल ते खरं. मी घरातली पहिली पदवीधर. निकालाच्या दिवशी वडिलांनी गुणपत्रिका माझ्याकडूनच वाचून घेतली. मी प्रत्येक विषय वाचला, ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, “जन्मभर दुसऱ्याच्या डोळ्यानं वाचलं बघ मी. पर एकानंबी खोटं वाचलं न्हाय मला.”

हे वाक्य लक्षात ठेवा. मला विसरता येत नाही.

भोसले सर आमच्या शाळेत पीटी शिकवायचे. त्यांच्याकडे एक झेरॉक्सची वही होती, कडा कुरतडलेल्या, त्यात सगळं सिसिलियनच, म्हणजे काळ्याकडून डाव सुरू करायची एक पद्धत. ते ‘शिशिलियन’ म्हणायचे. पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं, की काळ्यानं समोर तसंच प्यादं न आणता बाजूनं, उंटापुढचं आणायचं. सर म्हणायचे, “समोरचा करतोय तसं करून आपलं भागत नाही, पोरी. आपण काळे. आपण पहिल्या चालीपासून भांडायचं.” मी तेवढं एकच ओपनिंग शिकले, पण असं शिकले की झोपेतून उठवलं तरी खेळेन. जिल्ह्यात खेळले, विद्यापीठात खेळले. त्या वहीनं मला कॉलेज दाखवलं असं म्हटलं तरी चालेल. त्या माणसाचे उपकार मी कुठल्या तोंडानं मोजू — आणि तेच तोंड घेऊन हे कसं सांगू?

लग्नानंतर काशीगावात आलो. नवरा भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात कामाला. दहा बाय दहाची खोली, पाणी दिवसाआड. मी दोन वर्षं नोकरी शोधत होते. मग एक दिवस महिलांच्या खुल्या बुद्धिबळ स्पर्धेचा फलक दिसला. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की पहिल्या येणाऱ्या स्थानिक खेळाडूला शाळेत प्रशिक्षक म्हणून कायम घेतलं जाईल. मी तो फलक तीनदा वाचला. मला वाचता येतं, याचा त्या दिवशी फार आनंद झाला होता.

स्पर्धा एका सोसायटीच्या हॉलमध्ये होती. आदल्या दिवशी तिथं कुणाचा तरी वाढदिवस झाला असावा, स्टेजवर सोनेरी फुगे तसेच होते, हळूहळू हवा जात चाललेले. शेवटच्या फेरीला ते इतके सुरकुतले होते की त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

शेवटच्या फेरीत माझ्यासमोर सुगंधा आली.

ती घोडबंदरची. त्यांची पूर्वी मिठागरं होती, आता घरातले सगळे कुठं कुठं नोकरीला. वय माझ्याएवढंच, तिशीच्या आत. लहानपणी तापात डोळे गेले होते. ती गुणांमध्ये माझ्यापेक्षा अर्ध्या गुणानं पुढे होती. म्हणजे तिला बरोबरी पुरत होती आणि मला जिंकावंच लागणार होतं. तिलाही ती नोकरी हवी होती. हे मला आधीच माहीत होतं, कारण फेरी सुरू व्हायच्या आधी तिची आई मला म्हणाली होती, “हिला नोकरी लागली तं मी सुटलू गो बाय. शालेत बसूनशी शिकवायचाय, कुटं जायाचा न्हाय, यायाचा न्हाय. असा काम हिला परत कोन देनार?”

अंध खेळाडूशी तुम्ही कधी खेळला आहात का? बहुतेक नसाल, म्हणून सांगते. दोन पट असतात. एक माझा, साधा. एक तिचा, लहान, लाकडी, प्रत्येक घराला मधोमध भोक. मोहऱ्यांना खाली खुंटी असते ती त्या भोकात बसते. काळी घरं किंचित उंच, काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर बारीक टोक, म्हणजे बोटांना कळावं. ती तिच्या पटावर सतत हात फिरवत असते. आणि चाल मोठ्यानं सांगायची. उभ्या ओळींच्या इंग्रजी अक्षरांना नावं ठरलेली आहेत, गोंधळ नको म्हणून: ए म्हणजे ॲना, बी म्हणजे बेला, मग सीझर, डेव्हिड, इव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर; पुढचा आकडा आडव्या ओळीचा. एकानं चाल सांगितली की दुसऱ्यानं ती परत म्हणायची. मग दोघींनी आपापल्या पटावर ती लावायची.

“इव्हा चार,” ती म्हणाली.

“इव्हा चार,” मी म्हटलं. “सीझर पाच.”

“सीझर पाच.” ती हसली. “शिशिलियन.”

ती ‘शिशिलियन’ म्हणाली. भोसले सरांसारखं. कुठं करमाळा, कुठं घोडबंदरची खाडी.

दोन तासांनी बाकीचे सगळे डाव संपले. टेबलं रिकामी झाली, फक्त पांढरी टेबलक्लॉथं राहिली. पंच मॅडम कोपऱ्यात निकालाचे कागद भरत होत्या. हॉलमध्ये आमचे दोनच आवाज, आणि ती आठ नावं. फेलिक्स तीन. फेलिक्स तीन. हेक्टर सहा. हेक्टर सहा. ती माणसं कुणीच नव्हती, कधी आमच्या गावात आली नव्हती, आणि तरी आम्ही दोघी त्यांना एकामागून एक बोलावत होतो आणि ती येऊन बसत होती असं वाटत होतं. मी दोनदा मागे वळून पाहिलं. मागे रिकाम्या खुर्च्या.

मी हरत होते. लपवत नाही. तिचा वजीर हेक्टर सहावर, माझ्या राजाच्या तोंडाशी येऊन बसला होता. माझ्याकडे एकच गोष्ट होती. तिचा राजा सीझर एकवर होता, त्याच्यापुढे सीझर दोनवर एक प्यादं, त्याच्यापुढे तिचा घोडा. माझा वजीर त्याच उभ्या ओळीत, सीझर सातवर. मी माझा हत्ती आधी बेला आठवर नेला होता, आता तिथून एक घर सरकवून सीझर आठवर आणला, वजिराच्या पाठीशी. मधला घोडा हलला, की माझा वजीर ते प्यादं मारणार आणि मात. हत्तीचा जोर असल्यामुळे तिच्या राजाला वजीर घेता येणार नाही. सापळा साधा होता. आंधळ्यालासुद्धा दिसेल असा — असं मी लिहिलं आत्ता. बघा, कशी सवय असते. सुगंधा तर तो हमखास ओळखणार होती. राजा एक घर बाजूला सरकवला की माझं सगळं संपत होतं.

“हत्ती सीझर आठ,” मी म्हटलं.

“हत्ती सीझर आठ,” ती म्हणाली आणि तिनं तिच्या पटावरचा माझा हत्ती बेला आठवरून काढून सीझर आठवर लावला. नीट लावला. मी पाहिलं.

मग ती मागे टेकली. तिच्या ओढणीच्या काठाला बारीक झालर होती, ती हत्तीच्या डोक्यावरच्या टोकात अडकली. हत्ती भोकातून निघाला आणि टेबलावरून घरंगळत माझ्याकडे आला.

रोज तिच्यासोबत तिची मामेबहीण असायची, तिला खेळ कळायचा. त्या दिवशी ती आली नव्हती. आई होती, आईला हत्ती आणि उंट यातला फरक माहीत नव्हता. नियमानं पंचांना बोलवायला हवं होतं. पण पंच लांब होत्या, आणि सुगंधाच्या घड्याळात सहा मिनिटं उरली होती.

“ताई, काय परला?”

“काळा हत्ती.”

“लावा ना तितंच.”

मी लावला. बेला आठवर.

आता इथं थांबते. कारण इथं मी चार वर्षं थांबत आलेय. या जागेवर माझ्याकडे एक सोयीचं वाक्य आहे: हात चुकला. दोन मिनिटांपूर्वी हत्ती तिथंच होता, सवयीनं हात तिथं गेला, नंतर लक्षात आलं तेव्हा बोलायचं राहून गेलं. हे वाक्य मी इतक्या वेळा मनात म्हटलंय की त्याला माझ्या आवाजाची घडी पडलीय. आणि तेवढंच सांगितलं असतं तरी तुम्ही मला वाईट म्हटलं असतं, पण फार वाईट नाही. नाही का?

पण पुढे काय झालं ते ऐका.

तिचे हात पटावर परत आले. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, पाण्यात हात फिरवावा तसे. माझ्या बाजूच्या शेवटच्या ओळीवर आले आणि थांबले. सीझर आठ — रिकामं. बोट त्या भोकात जरा आत गेलं. मग शेजारी सरकलं. हत्ती.

“बेला आठ,” ती पुटपुटली. मला विचारलं नाही. स्वतःलाच.

तिनं मान वाकडी केली, माझ्याकडे कान करून. तिच्या डोक्यात डाव पक्का होता. सीझर आठ हे माझ्या तोंडून तिनं ऐकलं होतं, स्वतः परत म्हटलं होतं. डोकं एक सांगत होतं आणि बोटं दुसरं. छोटं टेपरेकॉर्डरसारखं एक यंत्र तिच्याकडे होतं, त्यात ती चाली बोलून ठेवायची. ते मागे फिरवून ऐकता आलं असतं, पण घड्याळ पळत होतं.

मी श्वाससुद्धा मोठ्यानं घेतला नाही.

मग ती हलकेच म्हणाली, “तुमी लावलाव म्हंजे बरोबरच आसल. मनाच ध्यानात न्हाय रायला.”

म्हणजे तिनं स्वतःच्या डोक्यापेक्षा माझ्या हातावर विश्वास ठेवला. हितं काय लिवलंय बघा की जरा.

तेव्हापासून त्या टेबलावर दोन वेगवेगळे डाव चालू होते. तिच्या पटावर मी मेलेली होते. माझ्या पटावर ती. आणि ते फक्त मला एकटीला माहीत होतं. तुम्ही कधी अशा खोलीत बसलाय का, जिथं तुमच्याशिवाय सगळ्यांना वेगळी खोली दिसतेय? एसी चालू होता, आणि मला घामानं ब्लाऊज चिकटला होता.

तिनं घोडा उचलला. “घोडा डेव्हिड पाच.”

माझ्या वजिरावर हल्ला. तिच्या पटावर फार सुंदर चाल होती. खरंच सुंदर होती, हे खेळणारी म्हणून सांगते. मी परत म्हटलं, “घोडा डेव्हिड पाच.” माझा आवाज बरोबर आला. ती उजवीकडे वळून यंत्रात आपली चाल हळू आवाजात बोलू लागली.

तेव्हा मी हात लांब केला आणि तिच्या पटावरचा हत्ती बेला आठवरून उपसला.

लगेच लावला नाही. मुठीत धरला. सांगायचं तर आत्ता सांगता येईल, असं मनात आलं होतं. पंच मॅडम, जरा इकडे या, पट चुकलाय — सहा-सात शब्द. दोन्ही पट जुळवले असते, तिची चाल मागे घेता आली असती, डाव पुढे चालला असता आणि मी हरले असते. मी मूठ आवळून बसले. सोनेरी फुग्यांपैकी एक आपोआप खाली आला, आवाज न करता. मी त्याच्याकडे पाहिलं. मग हत्ती सीझर आठवर लावला. घट्ट.

चुकलेला हात असा गुपचूप दुरुस्त करतो का कुणी?

म्हणून ते वाक्य खोटं आहे. हात चुकला नव्हता. हत्ती टेबलावरून माझ्याकडे येताना मी आधी सीझर आठच्या भोकाकडे पाहिलं होतं, मग बेला आठच्या. दोन्ही भोकं मला स्वच्छ दिसत होती. मी निवडलं.

“वजीर घेतो सीझर दोन,” मी म्हटलं. “मात.”

“वजीर घेतो सीझर दोन.” ती हसलीच जरा. “मात कशी, ताई? राजा घेतो—”

तिचा हात सीझरच्या ओळीनं वर चढू लागला. दोन, तीन, चार. तिनं खात्री करायची म्हणून केलं असावं, चांगले खेळाडू करतात. पाच. सहा. सात. आठ.

बोटं हत्तीवर थांबली. मग शेजारी गेली, बेला आठच्या भोकात. मग परत हत्तीवर. हत्ती तिनं दोन बोटांत धरला, बराच वेळ, नाडी बघतात तसा.

“हत्ती गरम हाय,” ती म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही. पंच मॅडम येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांनी माझा पट बघितला, मान हलवली, “मात आहे,” म्हणाल्या. मागे दोघी-तिघी जमल्या होत्या, त्यातली एक हळूच म्हणाली, “अरे, दिखा नहीं ना उसको, बेचारी.” अख्ख्या स्पर्धेत सुगंधानं एकही मोहरा फुकट घालवला नव्हता. त्या एका वाक्यात तिचे सगळे डाव पुसले गेले.

तिच्या आईला वाटलं, लेक हरली तरी समोरच्या बाईचं कौतुक करावं. साधी माणसं अशीच असतात. माझ्या खांद्यावर हात ठेवून ती लेकीला म्हणाली, “जाव दे गो. ताई बाकी लय चांगली हाय. तुजा परलेला हत्ती दोनदा लावला तिनं.”

“दोनदा?” सुगंधानं विचारलं.

“दोनदा. आताच नं, तू बोलत व्हतीस तवा.”

सुगंधानं पेन मागून घेतलं. निकालाच्या कागदावर सही केली. मग हात पुढे केला, खेळ संपल्यावर करतात तसा. मी हात दिला. माझा तळवा ओला होता. तिनं तो अंगठ्यानं एकदा चाचपला, हत्ती चाचपला होता तसाच, आणि सोडला. तक्रार केली नाही. करून उपयोगही नव्हता. तिच्या यंत्रात हत्ती सीझर आठच होता, माझ्या कागदावर सीझर आठ, माझ्या पटावर सीझर आठ. बेला आठचा हत्ती जगात फक्त दोन ठिकाणी होता. तिच्या बोटांत आणि माझ्या.

मला नोकरी लागली. वडिलांना फोनवर सांगितलं तेव्हा ते रडले. भोसले सरांनी ती झेरॉक्सची वही पोस्टानं पाठवून दिली, आत लिहिलं होतं, आता ही तुझी. वर्षभरात काशीगावची खोली सोडली आणि या इमारतीत आलो. दलालानं घर दाखवताना सांगितलं, बी विंग, आठवा मजला. नवरा खिडकीतून खाडी दिसते का बघत होता. मी दारातच उभी होते. नको म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. म्हणजे होतं, पण तोंडातून काढण्यासारखं नव्हतं.

इथं घरी रात्री-अपरात्री काही होत नाही. शाळेत, भर दिवसा दिसतं. दुपारी शाळेतला वर्ग सुटला की मी सगळे पट लावून ठेवते, उद्यासाठी. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर कुठल्या तरी एका पटावर काळा हत्ती एक घर आत सरकून घोड्याच्या घरात, बेला आठवर, असतो आणि घोडा कडेला पडलेला. मुलांची कामं, दुसरं काय? एकदा सुट्टीत खोलीला कुलूप होतं, तरीही होता. शिपाई झाडताना धक्का लागला असेल. असेलच. मी तो हत्ती उचलते आणि जागेवर ठेवते, आणि दर वेळी उचलण्याआधी थोडा वेळ नुसती बघत राहते. तो गरम असेल का, या भीतीनं.

गेल्या वर्षी मी घोडबंदरला गेले. सांगायचंच ठरवून. बसमधून उतरले, किल्ल्याच्या अंगाला विचारत विचारत घर सापडलं. तिच्या आईनं मला लगेच ओळखलं. आत हाक मारली, “बग गो कोन आलंय! तुजा हत्ती लावनारी ताई.”

सुगंधा आतल्या खोलीतून आली, भिंतीला हात लावत. “वलखली मी,” म्हणाली. मी तर अजून काहीच बोलले नव्हते.

चहा झाला. आई सांगत होती की ती आता खेळत नाही. बोलावणी आली होती, पुण्याहून, कुठून कुठून. “बोलते, बोटांवं भरोसा न्हाय रायला. आता काय सांगू हिला? बोटांशिवाय हाय काय तिच्याकरं?” सुगंधा ऐकत होती आणि बशीच्या कडेवरून बोट फिरवत होती, गोल गोल.

मग मला टीव्हीच्या वरच्या फळीवर तिचा पट दिसला. सगळी भोकं रिकामी. धूळसुद्धा नव्हती, रोज पुसत असणार. एकच मोहरा होता. काळा हत्ती, बेला आठवर.

माझी नजर तिथं गेलेली आईनं पाहिली. “त्यो चिकटवलाय तिनं. मी काराया गेलू तं निंगत न्हाय.”

“आता त्यो परायचा न्हाय,” सुगंधा म्हणाली. शांतपणे. रागावून नाही. मग तिनं माझ्या दिशेनं हात पुढे केला आणि मी, का कोण जाणे, माझा हात तिच्या हातात दिला. तिनं तो चाचपला. “आज गार हाय,” म्हणाली.

ते माझ्यासाठी उघडलेलं दार होतं. ती वाट बघत होती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि तिला माझा चेहरा दिसत नव्हता, आणि मी पुन्हा तेच केलं. गप्प बसले. बसची वेळ झाली म्हणाले. आई रस्त्यापर्यंत सोडायला आली आणि कागदात बांधून सुकी करंदी, बारीक कोळंबी, दिली. मी ती घेतली. घरी आणून तिची चटणीही केली आणि नवरा आवडीनं जेवला.

हा दुसरा गुन्हा. पहिल्यापेक्षा मोठा की लहान, मला ठरवता येत नाही.

मला नोकरीची गरज होती. तिलाही होती. मी गरिबीतून आले होते. तीही महालातून आली नव्हती. त्यामुळे ते सगळं मी इथं मांडणार नाही.

हे लिहून झालं की याची एक प्रत शाळेत मुख्याध्यापिका बाईंच्या टेबलावर ठेवणार आहे. त्यांनी काय ते ठरवावं. भोसले सरांची वही पोस्टानं परत पाठवणार आहे, सोबत दुसरी प्रत. वडिलांना मी हे स्वतः वाचून दाखवणार आहे, सगळं, जसं आहे तसं. ते दुसऱ्याच्या डोळ्यानं वाचतात.

आणि सुगंधाला कागद देऊन काय उपयोग? तिच्या आईचा नंबर माझ्याकडे आहे. आज दुपारी दार बंद करून मी हे सगळं मोठ्यानं वाचून फोनमध्ये रेकॉर्ड केलं, पहिल्या ओळीपासून. कुठं आवाज अडकला तर तसाच ठेवला. शेवटी चाल सांगतात तशी स्पष्ट सांगितली. काळा हत्ती, बेला आठ. मी ठेवला. मग सीझर आठ. तोही मीच ठेवला. आणि ते त्या नंबरवर पाठवून दिलं.

खेळात समोरच्यानं चाल परत म्हणायची असते, तेव्हाच ती पुरी होते. ही तिनं परत म्हणायची गरज नाही.